पफरच्या दातांसाठी तिसऱ्या

रीफ टँकमधल्या, म्हणजे प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या, छोट्या व्हॅलेंटिनी पफर या फुगणाऱ्या माशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. रोज मऊ खाणं मिळालं तर ते इतके वाढतात की माशाला खाताच येत नाही.

इंदूरला समुद्र नाही, म्हणून मुंबईहून अवंतिका एक्सप्रेसने कोणी येणार असलं की मी बर्फात घातलेल्या तिसऱ्या (शिंपल्यातले छोटे समुद्री जीव) मागवते. अगदी बारीकच हव्यात.

१. धुऊन, चार-चारच्या पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवा. मीठ-हळद लावू नका.

२. आठवड्यातून दोनदा एक-दोन तिसऱ्या वितळवा, सुरीच्या टोकाने शिंपला जरासा उघडा. पूर्ण सोलू नका, शिंपला कुरतडतानाच दात झिजतात.

३. प्रवाळांपासून लांब, वाळूच्या कोपऱ्यात ठेवा. पोट भरलेला पफर प्रवाळ कमी टोचतो, असा माझा अनुभव. शंख-कोळंबी मात्र त्याच्यासोबत ठेवूच नका.

४. तासाभरात उरलेलं काढा, नाहीतर पाणी बिघडतं.

त्याला हलवायचं झालं तर जाळीने पाण्याबाहेर कधीच काढू नका. घाबरून हवा गिळून फुगला तर ती बाहेर टाकणं त्याला जड जातं, जिवावरही बेततं. डबा पाण्यात बुडवून, पाण्यासकटच उचला.