'रेट पाठवा' मेलला आपोआप उत्तर

दरपत्रक मागणारे मेल रोज येतात, उत्तर मात्र तेच. हे काम जीमेलवर सोपवा. सेटिंग मोबाइल ॲपमध्ये नाही, कॉम्प्युटरवरच होते.

१. सेटिंग्ज > ॲडव्हान्स्डमध्ये 'टेम्प्लेट्स' (साठवून ठेवलेली तयार उत्तरे) सुरू करून सेव्ह करा.
२. नवा मेल उघडून उत्तर लिहा. तीन ठिपके > टेम्प्लेट्समधून ते साठवा. पीडीएफ जोडू नका, ड्राइव्हची लिंक द्या; दर बदलले की फक्त फाइल बदलायची.
३. सर्चच्या उजवीकडच्या चिन्हावर क्लिक करून विषयात 'दरपत्रक' टाका, 'क्रिएट फिल्टर'मध्ये 'सेंड टेम्प्लेट' निवडा.

ग्राहकाने उलट उत्तर दिले तरी विषय तोच राहतो, आणि बिचाऱ्याला पुन्हा तेच दरपत्रक जाते! म्हणून टेम्प्लेटमधले एखादे ठळक वाक्य अवतरणचिन्हांत त्याच फिल्टरमधल्या 'डझन्ट हॅव'च्या रकान्यात टाका; उलट उत्तराखाली तुमचा जुना मेल असतो, त्यामुळे ते वाक्य सापडले की फिल्टर तो मेल सोडून देतो.