सायक्लॅमेन पुण्यात टिकवायचं असेल तर
सायक्लॅमेन, म्हणजे थंडीत फुलणारं कंदाचं फुलझाड, घ्यायचंच असेल तर डिसेंबरात घ्या, कारण त्याला 10 ते 18 डिग्रीचा गारवा मानवतो आणि पुण्यात तो मिळतो फार तर दोन महिने, तोही मुख्यतः रात्रीचा. दिवसा उजेडाची खिडकी, पण कडक ऊन नको, रात्री सरळ बाल्कनीत. टीव्हीशेजारी शोभेला ठेवाल तर पानं पिवळी पडलीच म्हणून समजा.

पाणी वरून ओतायचं नाही हं, कंद अर्धा मातीच्या वर असतो, त्यावर पाणी साचलं की कुजतो. ताटलीत पाणी घालून कुंडी वीसेक मिनिटं ठेवायची, उरलेलं फेकून द्यायचं. पानं लोळली तर बहुतेक तहानच असते, पण माती ओली असूनही लोळत असतील तर कंद दाबून बघा, मऊ लागला तर गेलं. सुकलेलं फूल कापू नका, दांडा बुडाशी धरून पिळा नि झटका द्या, अख्खा निघतो, खुंट राहिला की बुरशी धरते.

उन्हाळ्यात पानं गळतात, तेव्हा ते झोपतं, पाणी जवळजवळ बंद करून कुंडी सावलीत ठेवा, पण आपल्या एप्रिल-मेत कंद वाचेलच असं नाही, मी तर सीझनपुरतंच धरते. आणि घरात मांजर असेल तर कुंडी उंचावर, कंद विषारी असतो.