डार्विनमधलं कर्करोग प्रतिबंधाचं काम: येण्याआधी काय समजून घ्यावं

बीडीएस, बीएएमएस किंवा नर्सिंग करून सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स करायला ऑस्ट्रेलियात येणारी आपली मुलं बहुधा सिडनी-मेलबर्नकडे वळतात. मी उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात आले, इथेच शिकले आणि ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजातल्या कर्करोग प्रतिबंधाच्या कामात राहिले. व्हिसा आणि फीची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल, म्हणून मी कामाबद्दलच लिहिते. इथल्या लोकांना कर्करोग काय असतो हे सांगावं लागत नाही. घरातल्या माणसांच्या मरणातून तो त्यांना पुरेसा माहीत आहे. अडतं ते तपासणी आणि उपचार त्यांना चालेल अशा रीतीने पोचण्यापाशी.

नोकरी शोधताना समाजाने स्वतः चालवलेली आरोग्य केंद्रं आधी बघा. असं पहिलं केंद्र १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्नमध्ये सुरू झालं. आज ती देशभर आहेत आणि त्यांचा कारभार त्या समाजातल्याच लोकांच्या मंडळाकडे असतो. ॲबोरिजिनल हेल्थ प्रॅक्टिशनर हे नोंदणीकृत पद फक्त त्या समाजातल्या माणसांनाच मिळतं, आणि ते योग्यच आहे. घराघरांत ओळख त्यांची असते. आपल्यासाठी जागा असतात त्या कार्यक्रम समन्वयाच्या, तपासणीच्या याद्या आणि पाठपुराव्याच्या, आकडेवारीच्या, संशोधन साहाय्याच्या. निर्णय त्यांचा आणि राबणं आपलं, हे ज्यांना जड जातं त्यांनी दुसरं क्षेत्र निवडावं.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण त्यात सगळं काम दिसतं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची सरकारी तपासणी इथे मोफत आहे. किट टपालाने घरी येतं, शौचाचा नमुना घरीच घेऊन परत पाठवायचा. शहरात हे छान चालतं. दुर्गम वस्तीत घरोघरी पोस्टमन जात नाही, माणसं नातेवाइकांकडे जाऊन-येऊन असतात आणि इथल्या उकाड्यात नमुना वाटेतच खराब होऊ शकतो. शिवाय या विषयाची लाज वाटतेच. मग केंद्रातल्या ओळखीच्या कार्यकर्तीनेच किट हातात द्यायचं, शेजारी बसून समजावायचं, अशी पद्धत डार्विनच्या मेन्झीस या आरोग्य संशोधन संस्थेच्या पथदर्शी प्रकल्पात वापरून पाहिली गेली. आता देशभरातले दवाखाने असं किट थेट देऊ शकतात. वार्षिक आरोग्य तपासणीला आलेल्या माणसाशी त्याच भेटीत हे बोलून घेता येतं. कोणाला किट दिलं, कोणाचं परत आलं, कोणाला पुढे कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीने आतडं तपासण्याची तारीख मिळाली, ही यादी सांभाळणं हे नव्या माणसाचं काम. ते रटाळ वाटेल, पण मन लावून करा. यादीतून सुटलेलं एक नाव म्हणजे उशिरा सापडलेला कर्करोग असू शकतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत तर आपल्याला अभिमान वाटावा असा दुवा आहे. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांच्या सहभागाने झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही म्हणजे हा कर्करोग घडवणारा विषाणू. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून दिसलं. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१७ मध्ये गर्भाशयमुखाच्या पेशी बघणारी जुनी पॅप तपासणी सोडून एचपीव्ही तपासणी घेतली आणि जुलै २०२२ पासून प्रत्येक पात्र स्त्रीला नमुना स्वतः घेण्याची मुभा दिली. पडद्याआड जाऊन स्वॅब स्वतःच घ्यायचा, कोणासमोर उघडं पडायचं नाही. वर्षानुवर्षं तपासणी टाळणाऱ्या बायका यामुळे पुढे येतात.

अभ्यासात हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताचा विषाणूजन्य आजार, पक्का करून या. उत्तरेकडे यकृताच्या कर्करोगाचं ते मोठं कारण आहे. त्याची माहिती देणारं, आर्नहेम लँड या उत्तरेकडच्या प्रदेशातल्या योल्ङू लोकांच्या भाषेतलं ॲप मेन्झीसने समाजासोबत बसून तयार केलं. आर्नहेम लँडमध्ये अनेकांची इंग्रजी ही तिसरी किंवा चौथी भाषा असते. म्हणून दुभाषा आधी ठरवा आणि मगच भेट ठरवा.

कागदपत्रांत लहान मुलांसोबत काम करण्यासाठीचं ऑकर कार्ड लागतं आणि ॲबोरिजिनल जमिनीवर जाण्यासाठी बहुधा परवाना लागतो. संशोधन असेल तर नैतिक समितीची मंजुरी. तिला महिने लागतात, ते धरूनच वेळापत्रक आखा. बायकांच्या गोष्टी बायकांनी आणि पुरुषांच्या पुरुषांनीच बोलायच्या असतात. वस्तीत कोणी वारलं की सगळं थांबतं, तुमचं शिबिरही. तेव्हा मुकाट्याने तारीख बदला. गेलेल्या माणसाचं नाव घेऊ नका.

निदानानंतरचा आधार हा या कामातला सर्वात कठीण भाग. डार्विनमध्ये रेडिओथेरपी २०१० मध्ये सुरू झाली. त्याआधी त्यासाठी दुसऱ्या राज्यात जावं लागायचं. ॲलिस स्प्रिंग्जहून डार्विन आजही रस्त्याने सुमारे १,५०० किलोमीटर आहे. उपचार आठवडेच्या आठवडे चालतात, मागे नातवंडं असतात, आणि आपल्या भूमीपासून लांब मरण येईल ही भीती खरी असते. फाइलवर ‘रुग्ण आला नाही’ असं दिसलं, तर तिकीट निघालं होतं का, सोबतीला माणूस मंजूर झाला होता का, कळेल अशा भाषेत कोणी बोललं होतं का, हे आधी तपासा. कुणी उपचार न घेता घरी राहायचं ठरवलं, तर तिथेच वेदनाशमन मिळेल अशी सोय लावणं हेही आपलंच काम.

फक्त हळहळ घेऊनही येऊ नका. या समाजातल्या १५ वर्षं आणि त्यावरच्या लोकांमध्ये रोज धूम्रपान करणाऱ्यांचं प्रमाण २०१२-१३ मध्ये ४१ टक्के होतं, ते २०२२-२३ मध्ये २९ टक्क्यांवर आलं. ही घट समाजातल्याच कार्यकर्त्यांनी घडवली आहे. जुलै २०२५ पासून ५० ते ७० वयाच्या, दीर्घकाळ भरपूर धूम्रपान केलेल्यांसाठी फुप्फुसाच्या कर्करोगाची राष्ट्रीय तपासणीही सुरू झाली, त्यामुळे माणसं लागणारच आहेत.

सहा महिन्यांच्या करारावर येणं मला पटत नाही. ओळख व्हायच्या आत माणूस निघून जातो आणि समाजाला पुन्हा नव्याने सगळं सांगावं लागतं. किमान दोन वर्षं देता येणार असतील तर अर्ज करा. मुलाखतीत तुमच्याआधीचा माणूस का गेला आणि तुमचं काम कोण तपासणार, हे दोन प्रश्न नक्की विचारा.