बोटीवरून घरी येताना या चुका टाळा

साइन ऑफची, म्हणजे बोटीवरून उतरण्याची, तारीख कळली की माणूस निम्मा घरी पोचलेला असतो. आपली जागा घेणारा रिलीव्हर यायला अजून चार दिवस असतात, पण डोकं चिपळूण ओलांडून पुढे गेलेलं. नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, त्यात २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यापासून आफ्रिकेच्या टोकाशी केप ऑफ गुड होपला वळसा घालून मारलेल्या फेऱ्या आणि तिथला हाडं खिळखिळी करणारा समुद्र. घाई होणारच. पण या घाईत होणाऱ्या चुका इतक्या ठरलेल्या आहेत की नव्या पोरांचा फोन आला की दुसऱ्या वाक्याला मला पुढचं सगळं कळतं. हे त्यांच्यासाठी लिहितोय, आणि सगळं माहीत असून तेच करणाऱ्या सेकंड इंजिनिअरांसाठीही.

ताप आला तरी ‘व्हायरल असेल’ म्हणणं

यावर मी जास्त बोलणार आहे, कारण यात माणूस जातो.

पश्चिम आफ्रिकेत लागोस, तेमा, आबिजान या बाजूला बोट धक्क्याला लागली की संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावणारा डास फाल्सिपेरम मलेरिया देऊ शकतो. डास चावल्यापासून ताप यायला साधारण सात दिवस ते महिना लागतो. प्रतिबंधक गोळ्या अर्धवट घेतल्या असतील तर त्याहूनही उशीर. म्हणजे डास चावतो तिकडे आणि थंडी भरते घरच्या ओसरीवर.

आमच्या ओळखीतला एक थर्ड इंजिनिअर, रत्नागिरीच्या बाजूचा. बोट लागोस करून वर गेली, हा स्पेनच्या लास पाल्मासला उतरला आणि विमानाने घरी आला. ऑगस्ट महिना. आठवड्याभरात हुडहुडी भरून ताप. कोकणात पावसाळ्यात ताप म्हटला की डॉक्टरांच्या मनात आधी डेंगी आणि लेप्टो येणार, त्यात त्यांची काही चूक नाही. त्यांनी विचारलंही, “कुठून आलात?” हा म्हणाला, “स्पेनहून.” खोटं काहीच नव्हतं. विमान तिथलं, पासपोर्टवर शिक्का तिथला. लागोसला बोट लागली होती हे त्याच्या लेखी ‘कामाचं’ होतं, डॉक्टरांना कशाला सांगायचं?

पॅरासिटामॉलवर दोन दिवस गेले. मध्ये ताप उतरला तर स्वारी मित्रांबरोबर बाजारात. परत चढला तेव्हा डोळे पिवळे झालेले, लघवी गडद, आणि पाचव्या दिवशी तो असंबद्ध बोलायला लागला. घरच्यांनी आधी बाहेरचं काही लागलंय का तेही बघून घेतलं. मग रातोरात मुंबई आणि आयसीयू. भावाचा मला फोन आला तेव्हा मी एवढंच विचारलं, “लागोसचं डॉक्टरांना सांगितलंय ना?” पलीकडून उत्तरच नाही. त्यानंतर रक्ताची स्लाइड बघितली गेली आणि आर्टेसुनेटची इंजेक्शनं सुरू झाली. तोवर मूत्रपिंडं बसली होती, डायलिसिस करावं लागलं. पोरगा वाचला, पण पुढचं मेडिकल पास व्हायला त्याला फार दिवस गेले.

गोळ्या त्याने विमानात बसल्या दिवशी बंद केल्या होत्या. ‘आफ्रिका संपली.’ अहो, आफ्रिका संपली तरी यकृतात बसलेला परजीवी नंतर रक्तात उतरतो, म्हणून तर डॉक्सिसायक्लिन तो भाग सोडल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यकृतातही काम करते, म्हणून तिला सात दिवस पुरतात. पाकिटात गोळ्या उरल्या आहेत याचा अर्थ कोर्स उरला आहे.

माझी सवय सांगतो. उतरण्याआधी शेवटच्या तीन महिन्यांतली बंदरं तारखांसकट एका चिठ्ठीवर लिहायची आणि ती पाकिटात ठेवायची. ताप आला की डॉक्टरांपुढे आधी चिठ्ठी, मग नाव-गाव. मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी मागून घ्यायची. पहिली निगेटिव्ह आली तरी ताप असेल तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा. परतल्यावर तीन महिने हा नियम. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणणाऱ्या काका-मामांचं या एका बाबतीत ऐकू नका.

सीडीसी न उघडताच बॅगेत टाकणं

कॅप्टनकडून सीडीसी, म्हणजे बोटीवरच्या नोकरीच्या नोंदींची पुस्तिका, हातात आली की उघडून बघा. तिथेच, त्यांच्या केबिनमध्ये. साइन ऑन आणि साइन ऑफच्या तारखा, बोटीचं नाव, आयएमओ नंबर (बोटीचा ओळख क्रमांक), सही, शिक्का. एजंटची लाँच खाली भोंगा वाजवत असली तरी. ती तुम्हाला सोडून जात नाही, तुमच्यासाठीच आलेली असते.

इंजिनिअरांनी वॉचकीपिंगचं टेस्टिमोनियल, म्हणजे इंजिनरूममधल्या पाळ्यांचं प्रमाणपत्र, हेही चीफ इंजिनिअरकडून सही करून हातात घ्यावं. “नंतर मेल करतो” हे वाक्य मी फार ऐकलं आहे. चीफ स्वतः पुढच्या महिन्यात उतरतो, कंपनी बदलतो, नंबर बदलतो. क्लास टूचा (सेकंड इंजिनिअरच्या परीक्षेचा) अर्ज भरताना सी टाइममध्ये, म्हणजे बोटीवरच्या नोकरीच्या दिवसांत, भोक पडलं की मग पोरं बोटीवर माणसं पाठवणाऱ्या मॅनिंग ऑफिसच्या पायऱ्या झिजवतात आणि वर मलाच विचारतात, “सर, काही शॉर्टकट आहे का?” शॉर्टकट होता. दोन मिनिटांचा, केबिनमध्ये.

प्राप्तिकरातही याच तारखा लागतात. एनआरआय राहायचं तर आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांच्या आत हवा, आणि आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असतं, जानेवारी ते डिसेंबर नव्हे. (हसू नका, दरवर्षी कुणीतरी हा घोळ घालतोच.) काठावर खेळू नका, आठ-दहा दिवस हातचे ठेवा. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर आधी सीएला गाठा.

कागदपत्रं चेक-इन बॅगेत

करू नका, बस. विशेषतः पिवळं पुस्तक. यलो फीव्हरच्या देशातून येताना ग्राह्य प्रमाणपत्र दाखवता आलं नाही तर विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतो, भारतीय असलात तरी. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, आणि २०१६ पासून ते जन्मभर चालतं. एजंट ‘रिन्यू’ करायला सांगत असेल तर त्याला विचारा, कशासाठी?

बॅग आली नाही किंवा फुटून आली तर विमानतळाबाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवून कागद घ्या. फुटल्याची लेखी तक्रार सात दिवसांत करावी लागते. उशिरा मिळाल्याची, बॅग हातात आल्यापासून एकवीस दिवसांत.

रात्रीच गाडी काढून घर गाठणं

विमान मध्यरात्री मुंबईत उतरतं. भाऊ गाडी घेऊन आलेला असतो, तोही दिवसभर राबलेला. आणि बोटवाला म्हणतो, “सरक, मी चालवतो.” दोन दिवसांत नीट झोप नाही, शरीराचं घड्याळ भलतीकडे, नऊ महिन्यांत स्टिअरिंगला हात नाही, आणि समोर मुंबई-गोवा हायवे, ज्याचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय. कशेडीला बोगदा झाला म्हणून डुलकी लागायची थांबत नाही. मी विमानतळाजवळ नाहीतर नातेवाइकांकडे झोपतो आणि दिवसाउजेडी निघतो, किंवा सरळ मांडवी एक्सप्रेस. घरचे रागावतात. रागावू देत.

झोप एका रात्रीत जुळेल असं मानणं

जुळत नाही. साधारण तासाच्या फरकाला एक दिवस धरा. अमेरिकेहून आलात तर दहा दिवस कुरकुर चालणारच. सकाळी उन्हात फिरा, दुपारी अर्ध्या तासावर झोपू नका. झोपेच्या गोळ्यांनी वेळापत्रक जुळवणारे मला मुळीच पटत नाहीत.

पहिल्याच दिवशी सुरमई, कोंबडी आणि ग्लास

पोट तुमचं आहे.

घरी आल्या आल्या चीफगिरी

नऊ महिने घर तुमच्यावाचून चाललं आहे. गॅसचा नंबर कधी लावायचा, मुलाची शिकवणी कुठली, पाण्याची मोटर किती वाजता, सगळं बायकोने बसवलेलं असतं. तुम्ही तिसऱ्या दिवशी मोटरची वेळ बदलता, आठव्या दिवशी शिकवणी, आणि महिन्याने पुन्हा नाहीसे होता. निस्तरायचं तिने. मी पंधरा दिवस घरातला कुठलाच व्हॉल्व्ह उघडत नाही. विचारलं तरच बोलतो.

कंपनीच्या पहिल्या फोनला ‘हो’ म्हणणं

क्रूइंगवाले पहिल्याच आठवड्यात विचारतात, “कधीपासून अव्हेलेबल?” थकलेला माणूस काहीतरी तारीख फेकतो आणि मग ती ईमेलमध्ये पक्की होते. कोर्सेसची मुदत, सीडीसी आणि पासपोर्टची मुदत आणि दात, एवढं तपासून होईपर्यंत तारीख देऊ नका. हो, दातसुद्धा. अटलांटिकच्या मधोमध दाढ दुखायला लागली तर बोटीवरच्या औषधपेटीतल्या वेदनाशामकावर पुढचं बंदर येईपर्यंत ढकलावं लागतं.