व्हॅटिकनला जाण्याआधी: पहिलं काम ईमेलचं

पासपोर्ट, औषधं, चार्जर हे तुम्ही घेणारच. व्हिसा इटलीचा, म्हणजे शेंगेनचा. व्हॅटिकनचा वेगळा लागत नाही.

पहिलं काम म्हणजे सेंट पीटर्स बॅसिलिका या चर्चखालची प्राचीन दफनभूमी पाहण्यासाठी तिथल्या उत्खनन कार्यालयाला ईमेल करणं. विमानाचं तिकीट काढाल त्याच दिवशी करा. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहून गेलं. तिथे जाऊन बघू म्हणाल, तर दारातून परत पाठवतात. प्रत्येकाचं नाव, कोणत्या भाषेत माहिती हवी, रोममध्ये कोणत्या तारखांना आहात, सगळं लिहा. लहान मुलांना आत सोडत नाहीत, तेव्हा त्यांच्याजवळ कोण थांबणार हे घरीच ठरवा.

एवढा आग्रह अशासाठी की वरचं सगळं वैभव खालच्या एका कबरीमुळे उभं आहे. रोमन सम्राट नीरोच्या काळात येशूचा शिष्य संत पीटर याला इथल्या शर्यतीच्या मैदानात मारलं आणि शेजारीच पुरलं, अशी श्रद्धा आहे. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने टेकडीचा उतार कापून, रोमन कबरींत माती भरून जागा सपाट केली आणि चर्च बांधलं, त्याची वेदी नेमकी पीटरच्या कबरीवर यावी म्हणून. १५०६ मध्ये नव्या चर्चचं काम सुरू झालं, १६२६ मध्ये त्याचा अभिषेक झाला, तरी वेदीची जागा तीच राहिली. १९४० च्या दशकात खणल्यावर विटांच्या कबरींची अख्खी गल्लीच सापडली. त्या शर्यतीच्या मैदानातला इजिप्शियन स्तंभ १५८६ मध्ये हलवला, तो आज बॅसिलिकासमोरच्या चौकात उभा आहे. हे खाली न उतरता कसं कळणार? म्हणून ईमेल आधी.

थोडा इतिहास वाचून जा. वसईच्या गोन्सालो गार्सियांना १८६२ मध्ये संतपद देणारे पोप नववे पायस, त्यांच्याच हातून १८७० मध्ये रोमची सत्ता इटलीकडे गेली. पुढे जवळजवळ साठ वर्षं पोप व्हॅटिकनबाहेर पडले नाहीत. १९२९ मध्ये इटलीशी झालेल्या लॅटरन करारानंतर हे चिमुकलं राष्ट्र झालं. हे ठाऊक असेल तर त्या भिंतींचा अर्थ लागतो.

म्युझियमचं तिकीट ऑनलाइन काढा. त्याचं दार चौकात नाही, भिंतीला वळसा घालून बरंच चालावं लागतं. महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. सिस्टीन चॅपलमध्ये फोटो काढू देत नाहीत. मान वर करून मायकेलअँजेलोचं छत निवांत बघा. बुधवारी सकाळी पोपची सभा असते, तेव्हा बॅसिलिकाचा बेत दुसऱ्या दिवशी ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, उन्हाळ्यातसुद्धा. घुमटाला ५५१ पायऱ्या, लिफ्ट अर्ध्यापर्यंतच. मायकेलअँजेलोचं पिएता हे शिल्प बॅसिलिकात शिरल्यावर उजव्या हाताला, काचेमागे. व्हॅटिकनची टपाल तिकिटं लावलेली पत्रं तिथल्याच पेटीत टाका.

आणि ईमेलला उत्तर आलं की पैसे लगेच भरा.