शिडाच्या होडीवर सौर चार्जिंग आणि बॅटरीची वायरिंग : काम सुरू करण्यापूर्वीची तयारी

शिडाच्या होडीवर सौर पॅनेल बसवायचे ठरले की पहिला प्रश्न बहुधा पॅनेल किती वॅटचे घ्यावे हाच असतो. तयारीची यादी मात्र त्याच्या उलट दिशेने, म्हणजे रोजच्या वापरापासून बॅटरीकडे, बॅटरीपासून तारा आणि फ्यूजकडे आणि सर्वांत शेवटी पॅनेलकडे जाणारी असावी. या साखळीतली खरी धोक्याची जागा पॅनेल नसून बॅटरी आहे. १०० वॅटचे पॅनेल शॉर्ट झाले तरी जेमतेम ६ अँपिअर सोडते, तर चांगल्या स्थितीतली बॅटरी शॉर्ट झाली की क्षणात हजारो अँपिअर सोडून तार वितळवू शकते. आणि समुद्रात आगीपासून दूर पळायला जागा नसते.

म्हणून पहिले काम कागदावरचे आहे. प्रत्येक उपकरण किती अँपिअर घेते आणि चोवीस तासांत किती वेळ चालते, हे नांगरावर असताना आणि प्रवासात असताना अशा दोन रकान्यांत लिहून काढावे. बारा व्होल्टवर चालणारा लहान फ्रिज कॉम्प्रेसर सुरू असताना साधारण ४ ते ५ अँपिअर घेतो आणि उष्ण हवेत जवळजवळ निम्मा वेळ सुरूच असतो, म्हणजे दिवसाला पन्नासेक अँपिअर-तास (अँपिअर गुणिले तास) एकट्या फ्रिजचे झाले. एलईडीचा नांगरदिवा रात्रभर जळूनही दोन-तीन अँपिअर-तासांत भागतो. व्हीएचएफ रेडिओ नुसता ऐकत असताना अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी घेतो, पण २५ वॅटवर बोलताना ५ ते ६ अँपिअर ओढतो. ऑटोपायलटचा खर्च लाटा आणि शिडांचा तोल यांवर अवलंबून असल्यामुळे तो आकडा सढळ हाताने धरलेला बरा.

समजा, बेरीज दिवसाला ८० अँपिअर-तास आली आणि ढगाळ हवेचे दोन दिवस निभावून न्यायचे आहेत, तर वापरण्याजोगे १६० अँपिअर-तास हाताशी हवेत. लेड-ॲसिड बॅटरी, मग ती पाण्याची असो वा एजीएम (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेली बंद बॅटरी), निम्म्याखाली वारंवार उतरवली की तिचे आयुष्य घटते, म्हणून तिथे ३२० अँपिअर-तासांची बँक, म्हणजे बॅटऱ्यांचा संच, लागेल. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून ऐंशी टक्के निर्धास्त काढता येतात, तेव्हा तिथे २०० पुरतील. डेकवर आडवे ठेवलेले १०० वॅटचे पॅनेल स्वच्छ, कडक उन्हाच्या दिवशी बारा व्होल्टच्या बॅटरीत साधारण २५ ते ३० अँपिअर-तास भरते. या हिशेबाने ८० अँपिअर-तासांसाठी सुमारे ३०० वॅट लागतात, आणि सावलीचा विचार यानंतर करायचा आहे.

होडीवर सावलीसारखा शत्रू नाही. पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असल्यामुळे बूमच्या (शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्याच्या) किंवा डोलकाठीच्या सावलीची एक पट्टी त्यावर पडली, तरी सावलीत आलेला सेल त्याच्या ओळीतल्या बाकीच्यांनाही रोखून धरतो. बायपास डायोड त्या भागाला वळसा घालून प्रवाह जाऊ देतात, पण त्या भागाची वीज गमवावीच लागते. त्यामुळे भोके पाडण्यापूर्वी एक संपूर्ण दिवस होडीवर काढून कोणत्या तासाला कुठे सावली पडते हे टिपून ठेवावे आणि शीड उभारल्यावर बूम ज्या बाजूला झुकते ती बाजूही त्यात धरावी. दोन बाजूंना दोन पॅनेल बसवायची असतील, तर प्रत्येकाला स्वतंत्र चार्ज कंट्रोलर (पॅनेलकडून बॅटरीत जाणारी वीज नियंत्रित करणारे यंत्र) द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. खर्च वाढतो हे खरे, परंतु एक पॅनेल सावलीत गेले तरी दुसरे आपल्या पूर्ण क्षमतेने चालते आणि एक कंट्रोलर बिघडला तरी होडी अंधारात पडत नाही. पॅनेल तापले की उत्पादन घटते, आणि ही घट २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के असते. म्हणून पॅनेलखालून वारा खेळेल एवढी मोकळी जागा सोडावी. पिछाडीच्या कमानीवर बसवायचे असेल, तर वादळी वाऱ्यात ते स्वतःच एक शीड बनते हे लक्षात ठेवून कमानीचे पाय आणि बोल्ट त्या मानाने भक्कम घ्यावेत.

कंट्रोलर एमपीपीटी जातीचा, म्हणजे पॅनेलमधून दर क्षणी जास्तीत जास्त वीज काढून घेणारा, घ्यावा. तो निवडताना दोन आकडे तपासावेत, एक त्याला सोसेल ते कमाल व्होल्टेज आणि दुसरा बॅटरीकडे जाणारा कमाल प्रवाह. बारा व्होल्टच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पॅनेलचे मोकळे (काहीही न जोडता मोजलेले) व्होल्टेज साधारण २२ असते. अशी दोन मालिकेत जोडली तर ४४ होते आणि थंड सकाळी ते आणखी चढते, म्हणून कंट्रोलरची मर्यादा त्याहून किमान पाव हिश्शाने जास्त असावी. एकूण ३०० वॅट एकाच कंट्रोलरवर घेतले, तर बॅटरीच्या बाजूला २५ अँपिअरपर्यंत प्रवाह जाऊ शकतो. तिथे ३० अँपिअरचा कंट्रोलर योग्य.

तारांची जाडी अंदाजाने ठरवू नये, कारण हिशेब सोपा आहे. जाण्यायेण्याची मिळून मीटरमधली लांबी ०.०१७५ ने गुणावी आणि तारेच्या चौरस मिलिमीटरमधल्या जाडीने भागावे, म्हणजे तारेचा रोध ओहममध्ये मिळतो. त्याला प्रवाहाने गुणले की व्होल्टेजची घट कळते. पॅनेलपासून कंट्रोलर ६ मीटरवर असेल आणि प्रवाह १० अँपिअर असेल, तर एकूण १२ मीटर तारेत ६ चौरस मिलिमीटर जाडीला ०.३५ व्होल्ट घट येते, तर २.५ चौरस मिलिमीटरला ०.८४ व्होल्ट. ही घट तीन टक्क्यांच्या आत ठेवावी. कंट्रोलर ते बॅटरी हे अंतर तर शक्य तितके कमी ठेवावे, कारण तिथली घट कंट्रोलरला फसवते. बॅटरी भरण्यापूर्वीच ती भरली असे त्याला वाटते आणि तो प्रवाह आवरता घेतो. तार बारीक धाग्यांची आणि कथलाचा मुलामा दिलेली तांब्याची असावी, नाहीतर खारी हवा वेष्टणाखाली शिरून तांबे हिरवे-काळे करते. थिंबल (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) योग्य मापाच्या क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबलेले असावे आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवावी. निव्वळ डाग देऊन केलेल्या जोडावर होडीत विसंबू नये, कारण डाग जिथे संपतो तिथे तार ताठ होते आणि हादऱ्यांनी तुटते.

आता फ्यूज, ज्याबाबत मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. बॅटरीच्या धन टोकापासून निघणाऱ्या प्रत्येक तारेला टोकाजवळच फ्यूज हवा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-११ या मानकात साध्या तारेसाठी हे अंतर ७ इंच, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर दिले आहे. फ्यूज उपकरणासाठी नसून तारेसाठी असतो, म्हणून त्याचा आकडा तार सोसू शकेल त्याहून कमी आणि नेहमीच्या प्रवाहाहून थोडा जास्त असावा. ३० अँपिअरच्या कंट्रोलरच्या तारेला बॅटरीच्या टोकाशी ४० अँपिअरचा फ्यूज आणि ४० अँपिअर सहज वाहील अशी तार, ही जोडी बरोबर आहे. लिथियम बॅटरीच्या मुख्य तारेवर मात्र हाती येईल तो फ्यूज चालत नाही. तिचा शॉर्ट-सर्किट प्रवाह इतका प्रचंड असतो की साधा फ्यूज वितळल्यानंतरही आत ठिणगी तग धरून राहू शकते. तिथे २०,००० अँपिअर तोडण्याची क्षमता असलेला क्लास टी फ्यूजच घ्यावा. पॅनेलच्या बाजूला एक किंवा दोन पॅनेल समांतर असतील तर फ्यूजची सहसा गरज पडत नाही. तीन किंवा अधिक असतील तर प्रत्येकाला वेगळा द्यावा.

जोडणीचा नकाशा काढताना सौर कंट्रोलर आणि बिल्ज पंप (होडीच्या तळात साचलेले पाणी उपसणारा पंप) यांच्या तारा मुख्य स्विच वगळून, फ्यूजमार्गे थेट बॅटरीवर घ्याव्यात. मुख्य स्विच बंद करून होडी सोडून गेल्यावरही बॅटरी भरत राहिली पाहिजे आणि पाणी शिरले तर पंप सुरू झाला पाहिजे. इंजिन सुरू करण्याची बॅटरी वेगळी ठेवावी. समांतर बॅटऱ्यांमध्ये धन तार एका टोकाच्या बॅटरीवरून आणि ऋण तार दुसऱ्या टोकाच्या बॅटरीवरून घ्यावी, म्हणजे सगळ्यांवर सारखा भार येतो. बॅटरी मॉनिटर लावणार असाल, तर त्याच्या शंटनंतरच (शंट म्हणजे ऋण तारेत बसवलेला प्रवाह मोजणारा रोध) सर्व ऋण तारा जोडाव्यात. एखादी तार चुकून थेट बॅटरीवर राहिली, तर तिच्यातून गेलेली वीज मॉनिटरच्या हिशेबातच येत नाही.

बॅटरी तळाशी पट्ट्याने अशी आवळावी की होडी कितीही कलली तरी ती बोटभरही सरकणार नाही, आणि तिच्या टोकांवर रबरी टोप्या असाव्यात. लेड-ॲसिड बॅटरी भरताना हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो, आणि तो हलका असल्यामुळे वायुवीजनाची वाट पेटीच्या वरच्या बाजूला हवी. कंट्रोलरवरील चार्जिंगचे व्होल्टेज बॅटरीच्या जातीनुसार ठेवावे. निर्मात्याचे पत्रक अंतिम मानून सांगायचे तर पाण्याच्या बॅटरीला १४.४ ते १४.८ आणि लिथियमला १४.२ ते १४.६ व्होल्ट ही प्रचलित मर्यादा आहे. तापमान मोजणारा सेन्सर लेड-ॲसिडला अवश्य लावावा. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी भरू नये, आणि इंजिनाचा अल्टरनेटर तिला थेट न जोडता मध्ये डीसी-डीसी चार्जर (एका बॅटरीच्या बाजूची वीज नियंत्रित करून दुसरी भरणारा) घालावा, कारण बॅटरीच्या आतल्या संरक्षक यंत्रणेने अचानक जोडणी तोडली तर अल्टरनेटरचे डायोड जळतात.

होकायंत्राजवळून तार न्यावीच लागली, तर धन आणि ऋण तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात. त्यांची चुंबकीय क्षेत्रे परस्परांना बव्हंशी खोडून काढतात. कंट्रोलर रेडिओपासून आणि त्याच्या अँटेना-केबलपासून दूर ठेवावा.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी अंगठी, कडे आणि घड्याळ काढून ठेवावे, पान्याच्या दांड्याला इन्शुलेशन टेप गुंडाळावी आणि पॅनेल जाड कापडाने झाकावे, कारण उजेडात पॅनेल बंद करता येत नाही. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडावी आणि मग पॅनेल. सोडवताना क्रम उलटा. प्रत्येक तारेचे धन-ऋण मल्टिमीटरने तपासल्याशिवाय कोणतेही टोक आवळू नये. पॅनेलच्या तारा जोडणारे एमसी-४ कनेक्टर एकाच बनावटीचे वापरावेत आणि प्रवाह वाहत असताना ते उघडू नयेत, कारण डीसी प्रवाहाची ठिणगी सहज विझत नाही. डेकमधून तार जिथे खाली उतरते तिथे केबल ग्लँड (तारेभोवती घट्ट बसणारे जलरोधक बूच) बसवावी आणि तारेला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तारेवरून ओघळत आत न जाता झोळाच्या तळाशी टपकते.

सगळे जोडून झाल्यावर भर उन्हात तासभर चार्जिंग चालू ठेवून प्रत्येक जोडाला हात लावून पाहावे. एखादा जोड शेजारच्यांपेक्षा गरम लागला तर तो उघडून पुन्हा करावा. पहिल्या प्रवासानंतर सर्व नट पुन्हा आवळावेत, आणि तारांच्या दोन्ही टोकांना लावलेल्या क्रमांकांसह जोडणीचा नकाशा प्लास्टिकच्या वेष्टणात घालून बॅटरीच्या पेटीजवळ ठेवावा.