थ्री नॉट थ्रीची स्नायपर रायफल घ्यायची असेल तर

थ्री नॉट थ्री म्हटलं की आपल्याला बंदोबस्तावरचा हवालदार आठवतो. त्याच ली-एनफील्ड घराण्यातल्या एका खास रायफलीबद्दल मी लिहितोय: नंबर ४ मार्क १ (टी). दुसऱ्या महायुद्धात कारखान्यातून निघालेल्या नंबर ४ रायफलींपैकी नेमाला चांगल्या ठरलेल्या वेगळ्या काढायचे आणि त्यांच्यावर दुर्बीण बसवायचे. १९४२पासून हे काम मुख्यतः लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूक बनवणाऱ्या कंपनीकडे होतं. मी ओहायोत राहतो आणि गेली काही वर्षं ही रायफल चालवतो.

आधी कायद्याचं. भारतात हा बोअर (नळीच्या भोकाचं माप) प्रतिबंधित आहे, सामान्य परवान्यावर मिळत नाही. त्यामुळे हे सगळं अमेरिकेतल्या वाचकांसाठी. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर इथे बंदूक किंवा काडतूस नुसतं जवळ ठेवणंही साधारणपणे गुन्हा ठरतं. अपवाद मोजके आहेत, त्यामुळे वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना घेता येते. दुकानातून घेताना ४४७३ नंबरचा अर्ज भरावा लागतो. पन्नास वर्षांहून जुनी हत्यारं जमवणाऱ्यांसाठी 'क्युरिओ अँड रेलिक' नावाचा वेगळा परवानाही आहे, तीन वर्षांचे ३० डॉलर. राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, ते आपापले तपासा.

आता खरेदी. माझी पहिली रायफल मी एका प्रदर्शनात घेतली. विकणाऱ्याने ती दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीला लढल्याची गोष्ट सांगितली, मी ती ऐकली आणि पैसे मोजले. घरी येऊन दस्त्याच्या मानेवर, म्हणजे चापामागच्या निमुळत्या भागावर, हात फिरवला तर तिथे एकही आकडा नव्हता. दुर्बीण खरी होती, रायफल साधी होती. तेव्हापासून मी गोष्टी ऐकत नाही, आकडे वाचतो.

खऱ्या रायफलीवर ते कुठे बघायचे? दस्त्याच्या मानेवर वरच्या बाजूला दुर्बिणीचा नंबर ठोकलेला असतो. तो दुर्बिणीच्या नळीवरच्या नंबरशी जुळायला हवा. दुर्बीण ज्या लोखंडी ब्रॅकेटवर बसते, त्यावर रायफलीचा नंबर असतो. रायफलीच्या डाव्या अंगाला 'टी' हे अक्षर असतं, बीएसए कारखान्यातल्या बऱ्याच रायफलींवर 'टीआर'ही. दस्त्याच्या खाली 'एस ५१' सापडलं तर ती हॉलंड अँड हॉलंडची खूण. आणि एक गोष्ट नकली बनवणारे हमखास विसरतात: नेम धरायच्या मागच्या पट्टीवरचं (साइटवरचं) जवळच्या पल्ल्याचं भोक. दुर्बिणीला अडचण होऊ नये म्हणून खऱ्या रायफलीवर तो भाग कापून काढलेला असतो. माझ्या पहिल्या रायफलीवर तो जागच्या जागी होता. माहीत असतं तर टेबलावरून उचलायचीही गरज नव्हती.

सगळे नंबर जुळणारी रायफल हजारो डॉलरला जाते. तेवढं जमत नसेल तर साध्या नंबर ४वर नवी बनवलेली दुर्बीण लावून घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त ती 'नवी बनवलेली' म्हणूनच विकत घ्या आणि तसंच सांगून विका.

या रायफलीची दुर्बीण म्हणजे नंबर ३२, साधारण तीन-साडेतीनपट. मुळात ती ब्रेन मशीनगनसाठी आखली होती. डोळा लावून उजेडाकडे बघा. आत ढग दिसला तर भिंगं चिकटवणारं जुनं बाल्सम सुटत आलंय. स्क्रू उघडून स्वतः पुसायचा मोह आवरा, ते जाणकाराचं काम आहे.

मैदानावर जाण्याआधी बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला किती जागा उरते, ते मोजून घ्या. डोळ्यांवर चष्मा, कानांवर संरक्षण, हे सांगायला नको. दुर्बीण आडवी येत असल्याने पाच-पाच काडतुसांची क्लिप वरून दाबता येत नाही. एकेक भरावं लागतं. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. उलटी बसली की बोल्ट अडकलाच.

सुरुवात शंभर यार्डांवर करा. वाळूची पिशवी लाकडाखाली ठेवा, नळीखाली नको. गोळ्या उगाच इकडेतिकडे जायला लागल्या तर स्वतःला दोष देण्याआधी ब्रॅकेटचे दोन मोठे स्क्रू आणि पुढचा पॅड (रायफलीवरचा, ब्रॅकेट टेकते तो तुकडा) बघा. हा पुढचा पॅड ढिला होणं या रायफलीचं जुनं दुखणं आहे. माझ्या दुसऱ्या रायफलीने एक अख्खा उन्हाळा मला याच कारणाने छळलं.

वापरलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या परत भरणार असाल तर आधी ही तपासणी करा. पेपरक्लिप सरळ करून तिचं टोक जरासं वाकवा आणि पुंगळीच्या आतून बुडापासून वर फिरवा. बुडाच्या थोडं वर खाच लागली तर ती पुंगळी फेकून द्या, पुढच्या बारात तिचे दोन तुकडे होतील. या रायफलींचे चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, ऐसपैस असतात, त्यात पितळ ताणलं जातं. म्हणून परत भरताना मी पूर्ण पुंगळी मापात न दाबता फक्त तिची मान दाबून घेतो.

जुनी लष्करी काडतुसं वापरलीत तर त्याच दिवशी नळीतून गरम पाणी ओता. त्यांच्या प्रायमरमधून (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीतून) क्षार उरतो, तो हवेतली ओल ओढतो, आणि नुसत्या तेलाने तो जात नाही. पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल. लाकडाला फक्त जवसाचं कच्चं तेल, बोटाने चोळून. पॉलिश पेपर लावलात तर ज्या आकड्यांचे पैसे मोजलेत तेच घासून जातील.

ओहायोत ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी आहे. तिथे जुन्या स्नायपर रायफलींची दोघादोघांची स्पर्धा होते, ३०० आणि ६०० यार्डांवर. एक नेम धरतो, दुसरा मोठ्या दुर्बिणीतून वारा वाचतो. माझी जोडीदार माझी बायको. पहिल्या वर्षी ६०० यार्डांवर मी चाप ओढणार तेवढ्यात ती म्हणाली, "अहो थांबा, गवत बघा, वारा फिरलाय." मी थांबलो. तिने सांगितलं तेवढा नेम डावीकडे सरकवला, आणि गोळी बघायला खाली ओढलेलं लक्ष्य परत वर आलं तेव्हा गोळीच्या जागी लावलेली पांढरी खूण काळ्या गोलाच्या आत होती.